पाहुणा सुखरूप घरी पोचेपर्यंत



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून काही ऐकायचे, ही आपल्याकडची रीत झाली. त्याच रीतीला धरून मी विषयाकडे वळतो. विषय साधा आहे. सुट्टीत घरे भरतात, गावे भरतात, लग्ने होतात, यात्रा होतात. या आनंदाच्या दिवसांत माणसे का दगावतात आणि ते कसे थांबवायचे, एवढेच मला सांगायचे आहे. मी डॉक्टर आहे, त्यामुळे जे बोलेन ते उपदेशापेक्षा कामाचे असावे, असा प्रयत्न करीन.

एक गोष्ट आधीच मांडतो. वरवंडला हे शिकवायला बाहेरून कोणी येण्याची गरज नाही. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी लोणी काळभोर, यवत करत तुमच्याकडे मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी रोटी घाट चढून उंडवडीकडे जाते. त्या एका रात्रीसाठी तुम्ही काय काय करता ते आठवा. टँकर कुठे उभे राहतील, पाण्यात क्लोरीन कोण टाकेल, शौचालये कुठे, आरोग्य पथक कुठे, रुग्णवाहिका कोणत्या वाटेने बाहेर पडेल, कोणत्या दिंडीला कोणाचे अंगण, हे सगळे आठवडाभर आधी ठरलेले असते. यवतची पिठलं-भाकरी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण तिच्यामागचे नियोजन फार कमी लोकांना ठाऊक आहे. लाखांच्या मेळ्याची काळजी घेणारे हेच गाव चैत्र-वैशाखात पाचशे माणसांचे लग्न काढते, तेव्हा पाण्याच्या जारपलीकडे काही ठरवत नाही. वारकऱ्याला आपण माउली म्हणतो. लग्नाला आलेली आत्याबाई, यात्रेला आलेला जावई, सुट्टीला आलेली भाचरे हीसुद्धा माउलीच. वारीत घेतो तीच काळजी त्यांची घ्यायची, हे माझ्या आजच्या बोलण्याचे सार आहे.

आता उन्हाचे बोलू.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक भक्तिभावाने आले होते. मोकळ्या मैदानात, डोक्यावर सावली नसताना, सकाळपासून दुपारपर्यंत बसले. उष्माघाताने १४ माणसे गेली. त्या दिवशी त्या भागातले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. आपल्या दौंड तालुक्यात ३८ अंश म्हणजे एप्रिलमधला साधा दिवस. आपण त्याला ऊन म्हणत नाही, ‘आज जरा बरे आहे’ म्हणतो. पण समुद्राजवळच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. हवामान खाते मैदानी भागात उष्णतेची लाट धरते ती कमाल तापमान ४० अंशांच्या पुढे आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त गेल्यावर. किनाऱ्यावर हा आकडा ३७ आहे. माणसाचे शरीर मात्र खात्याच्या इशाऱ्याची वाट पाहत नाही.

आपल्या लग्नांत हीच परिस्थिती आपण हाताने तयार करतो. मुहूर्त साडेबाराचा. नेत्यांचे सत्कार आणि आशीर्वादपर भाषणे संपेपर्यंत दीड वाजतो. कार्यालय पत्र्याचे. खाली हजार माणसे, त्यांच्या श्वासाची आणि घामाची वाफ आत कोंडलेली. भिंतीवरचे पंखे तीच गरम हवा फिरवतात. नवरी भरजरी शालूत, नवरदेव कोट-फेट्यात, दोघेही सकाळपासून उपाशी. नवरी चक्कर येऊन पडली की दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळतात. तिला त्या वेळी सावली, वारा आणि मीठ-साखरेचे पाणी हवे असते.

या धामधुमीत ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही त्यांची नावे घेतो. भट्टीपुढे पहाटे तीनपासून उभा असलेला आचारी. वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बाया. गणवेशाची जाड बंडी घालून फुंकून फुंकून छाती भरून आलेले बँडवाले. मंडपाचे लोखंडी पाइप भर दुपारी उतरवणारी पोरे. त्यांना कोणी ‘बसा, पाणी प्या’ म्हणत नाही. आणि दुसऱ्या टोकाला पुण्या-मुंबईच्या गारेगार कार्यालयात वर्षभर बसणारे आपले भाऊबंद. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. ते शुक्रवारी रात्री येतात आणि शनिवारी दुपारी वरातीत दोन तास नाचतात. त्यात थोडी दारू असली तर विचारूच नका, कारण दारू शरीरातले पाणी बाहेर काढते आणि चक्कर येत असल्याचे भानही घालवते.

ओळखायचे कसे ते सांगतो. घाम फार, चक्कर, मळमळ, पायात गोळे, डोके ठणकणे, लघवी कमी आणि गडद: ही पहिली पायरी. इथे माणसाला सावलीत आडवे करा, पाय थोडे उंच करा, घोट घोट पाणी द्या. तो बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात सावरतो. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, भांडखोर झाला, ओळखेना, झटके आले, अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात आहे. मग एक मिनिटही दवडायचे नाही. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नसेल, अशी समजूत करून घेऊ नका. नाचणाऱ्याला किंवा कष्ट करणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो.

त्या वेळी गर्दी एकच ओरडते, ‘गाडी काढा, गाडी काढा.’ गाडी काढाच, १०८ ला फोन लावाच. पण ती येईपर्यंत त्याला गार करायला सुरुवात करा, कारण मेंदू भाजून निघायला फार वेळ लागत नाही. मंडपात ताडपत्री असतेच. माणसाला तिच्यावर निजवा, चौघांनी चार कोपरे उचलून धरा, म्हणजे मध्ये खोलगट भाग होतो. त्यात पिंपातले गार पाणी ओता, मठ्ठ्यासाठी आणलेला बर्फ टाका, पाणी हलवत राहा, डोके वर धरून ठेवा. बर्फ नसेल तर कपडे सैल करून अंगभर पाणी मारत राहा आणि मोठा पंखा त्याच्यावर फिरवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, कांद्याचा रस, काहीही घालू नका, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी इथे काम करत नाही. ती देऊ नका.

ही वेळच येऊ नये म्हणून गोरज मुहूर्त आपल्या पंचांगात आहेच. तो कमी शुभ आहे, असे कोणी म्हटलेले नाही. संध्याकाळी लग्न लावणाऱ्या घरांनी आपल्या पाहुण्यांवर उपकार केले आहेत, आणि वधू-वरांवरही. यात्रेत छबिना रात्री निघतो. मग कुस्त्यांचा आखाडा भर दुपारी बारालाच कशाला? चारनंतर लावा, माती गार असते आणि पैलवानही मोकळे लढतात.

एक वाक्य बंद गाड्यांबद्दल. कार्यालयाबाहेर उन्हात उभ्या गाडीत झोपलेले लेकरू ‘पाच मिनिटांसाठी’ ठेवू नका, काच दोन बोटे उघडी ठेवूनही नको.

पाण्याकडे येतो. माझ्या मते आपल्या भागातला सर्वांत मोठा धोका हाच आहे आणि आपण त्याच्याशी सर्वांत जास्त सलगीने वागतो.

तुमच्या गावाला पाणी कमी नाही. ब्रिटिश काळातला व्हिक्टोरिया तलाव आहे. खडकवासल्याचे पाणी घेऊन येणारा कालवा आहे, त्याला उन्हाळी आवर्तन सुटले की पोरांच्या अंगात वारे शिरते. जुन्या विहिरी आहेत. आणि गेल्या काही वर्षांत गावोगाव शेततळी झाली. आधीच्या पिढीने विहिरीतच पोहणे शिकवले. पाठीला रिकामा डबा किंवा भोपळा बांधायचा, कमरेला दोर, आणि काका किंवा चुलतभाऊ काठावर दोर धरून उभा. ती चांगली शाळा होती, कारण तिथे कायम एक मोठा माणूस हजर असे. आज हडपसरहून, चिंचवडहून आलेला अकरा वर्षांचा भाचा मामाच्या पोरांच्या मागे विहिरीवर जातो, तेव्हा मोठी माणसे लग्नाच्या याद्या करत असतात.

शेततळ्याकडे जरा नीट बघा. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली, त्यात मोठ्यात मोठे शेततळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. शेतकऱ्याने पाणी मुरू नये म्हणून आत प्लास्टिकचा जाड कागद अंथरला. त्याच्या चारही बाजू उतरत्या. काही आठवड्यांत कागदावर पाण्याच्या रेषेखाली शेवाळाचा पातळ थर धरतो, डोळ्यांना तो दिसतही नाही. पोरगे कडेला पाय धुवायला, बाटली भरायला किंवा चेंडू काढायला उतरते. टाच सरकते. ते पाण्यात जाते, वळून कडेला येते, दोन्ही तळहात कागदावर टेकवते, गुडघे टेकवते, आणि पुन्हा खाली घसरते. धरायला मूळ नाही, दगड नाही, पायरी नाही. पट्टीचा पोहणाराही तिथून स्वतःच्या बळावर बाहेर येऊ शकत नाही. तो थकतो. वाचवायला दुसरे उतरते, तेही त्याच कागदावरून खाली जाते. महाराष्ट्रात शेततळ्यांत भावंडे एकत्र गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्याचे कारण हे आहे.

यावरचा उपाय एका संध्याकाळचा आहे. चारही बाजूंनी एकेक जाड नायलॉनचा दोर घ्या, त्याला हात-हातभर अंतरावर मोठ्या गाठी मारा, वरचे टोक बांधावरच्या लोखंडी खुंटाला पक्के आवळा आणि खालचे टोक तळापर्यंत सोडा. गाठी म्हणजे पायऱ्या. शेजारी ट्रॅक्टरची फुगवलेली जुनी ट्यूब दोराला बांधून टांगून ठेवा. भोवती कुंपण, आणि त्याला फाटक. ज्याने कागदावर एवढा पैसा घातला त्याला दोर परवडतो. तळे भरायच्या आधी दोर सोडणे, हा गावाचा नियम व्हावा.

कालव्याचे तसे नाही, तिथे पाणी पळते. वरून ते संथ वाटते, पण सिमेंटच्या उतारावर पाय ठरत नाही, आणि पुलाखाली, सायफनच्या तोंडाशी ओढ वाढते. आवर्तन चालू असताना कालव्यात पोहायचे नाही, हे पोरांना घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने सांगावे. आईने सांगितले तर ती घाबरट ठरते, आजोबांनी सांगितले तर ऐकतात.

कोणी बुडताना दिसले तर काय करायचे? उडी मारायची नाही. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघे जातात. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडत होते. काठावर तीन स्त्रिया होत्या. त्यांनी अंगावरच्या साड्या सोडून गाठ मारली आणि पाण्यात फेकल्या. दोन तरुण वाचले. पुढे राज्य सरकारने त्या तिघींना कल्पना चावला पुरस्कार दिला. सहावारी साडी साडेपाच मीटरची असते. आपल्याकडे लग्नात पुरुषांच्या डोक्यावर असाच लांब फेटा असतो. फेटा फेका, दोर फेका, रिकामा कॅन फेका, बांबू पुढे करा, आणि स्वतः जमिनीवर पोट टेकून झोपा म्हणजे ओढले जाणार नाही.

बाहेर काढल्यावर आपल्याकडे त्याला उलटे टांगतात, खांद्यावर घेऊन पळतात, पोट दाबतात. यातले काहीही करू नका. पोटातले पाणी काढण्यात जी मिनिटे जातात, तीच त्याच्या जगण्याची असतात. श्वास नसेल तर उताणा ठेवा, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर-एकशेवीसच्या गतीने जोरात दाबा, तीस दाबांमागे दोन श्वास, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. हे शिकायला दोन तास लागतात. गावातली वीस पोरे-पोरी या मे महिन्यात शिकू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, त्यांतली जवळजवळ चौथाई पाच वर्षांखालची मुले होती. हे आकडे जगाचे झाले. आपल्याच भीमेवर, खाली उजनीच्या फुगवट्यात, २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीला निघालेली होडी वळवाच्या वाऱ्याने उलटली. सहा जण गेले, त्यांत दोन अगदी लहान लेकरे होती. एक जण पोहून काठाला लागला. रस्त्याचा मोठा फेरा वाचतो म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षे होडीने जातात, त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण जीवरक्षक जाकीट अंगात असते तर ती बातमी वेगळी लागली असती.

त्या दिवशी जो वळीव आला तो आपल्याकडेही असाच येतो. दिवसभर उकाडा, चारच्या सुमाराला पश्चिमेला काळे, मग धुळीचा लोट. त्या दहा मिनिटांत मंडप हलतो, पत्रे उडतात. १७ एप्रिल २०२३ ला, खारघरच्या दुसऱ्याच दिवशी, पिंपरी-चिंचवडजवळ किवळ्याला पाऊस-वाऱ्यात आडोशाला थांबलेल्या लोकांवर जाहिरातीचा फलक कोसळला आणि पाच जण गेले. आपल्या महामार्गावर असे फलक पावलोपावली आहेत. वारा सुटला की फलकाखाली, पत्र्याच्या टपरीखाली, एकट्या आंब्याखाली थांबू नका. वीज आधी उंच झाड शोधते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप केले आहे, आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगते. मंडपवाल्याच्या आणि यात्रा कमिटीच्या एकेका माणसाच्या फोनमध्ये ते असावे.

जेवणाबद्दल थोडेच सांगतो, कारण इथे बसलेल्या सुगरणींना बहुतेक ठाऊक आहे. बासुंदी, श्रीखंड, खव्याचे पदार्थ उन्हाळ्यात फार वेळ बाहेर राहू नयेत. आचाऱ्याच्या हाताच्या जखमेतून जे जंतू त्यात पडतात त्यांचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. मठ्ठ्यात घालायचा बर्फ बघून घ्या. मासळी आणि कारखान्यांसाठी बनणाऱ्या, खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात २०१८ पासून निळा रंग घालण्याचा नियम आहे. निळसर बर्फ दिसला तर तो परत पाठवा. जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीची साथ आली, सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिले आणि हजारो जीव वाचवले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्यांचे ते औषध तुमच्या फडताळात आहे.

पाहुणे वाढले की अंगणात, गच्चीवर, ओट्यावर अंथरुणे पडतात. मण्यार रात्री अंथरुणात येते, तिचा दंश दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटायला लागतात, घोट गिळवत नाही. तेव्हा ‘अपचन झाले’ म्हणून ओवा देत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. मच्छरदाणी लावा आणि ती गादीखाली चहूबाजूंनी खोचा, खाटेवर झोपा. तांबड्या विंचवाबद्दल मला अभिमानाने सांगायचे आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात, तालुक्याच्या गावी राहून, प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू रोखता येतात हे दाखवले आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली, तर मंत्र घालणाऱ्याकडे जाऊ नका. सरकारी रुग्णालयात साप-विंचवाचे औषध फुकट मिळते.

आणि शेवटी रस्ता. जुलै २०१९ मध्ये सहलीहून परतणारी यवतची नऊ पोरे कदमवाकवस्तीजवळ मध्यरात्रीच्या अपघातात गेली. शेजारचे गाव आहे, इथे बसलेल्या कित्येकांनी त्यांना लहानपणापासून पाहिले असेल. त्या दुःखाबद्दल मी जास्त बोलणार नाही. एवढेच म्हणतो की, रात्री अकरानंतर कोणाचीही गाडी आपल्या दारातून निघू देऊ नका. ‘राहा, सकाळी चहा घेऊन जा’ हे म्हणायला यजमानाला लाज वाटू नये. हळद आणि वरात उरकून झोप न घेतलेल्या माणसाच्या हाती किल्ली देऊ नका. दारू घेतलेल्याच्या हातून ती काढून घ्या, तो जावई असला तरी. पाहुणा जेवून उठला की आपण सुटलो, असे नसते. तो सुखरूप घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत पाहुणचार चालू असतो.

येत्या १ मेला महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आहे. तिच्यात तीन ठराव मांडा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. पहिला, गावातल्या प्रत्येक लग्नात आणि यात्रेत दोन निगराणीदार नेमायचे, त्यांची नावे आणि फोन नंबर पत्रिकेवर छापायचे, आणि त्यांनी पाणी, सावली, मुले आणि गाड्या एवढेच पाहायचे. दुसरा, दोर आणि ट्यूब नसलेले एकही शेततळे किंवा विहीर गावाच्या शिवारात ठेवायची नाही. तिसरा, मे महिन्याच्या सुट्टीत वीस तरुण-तरुणींना श्वास आणि छातीदाबाचे प्रशिक्षण द्यायचे. त्या प्रशिक्षणाला मी स्वतः येईन, मानधन घेणार नाही. तारीख आज रात्रीच ठरवा.